विश्लेषण : टर्नटेबलची सुई महागडी घ्यावी की जुळणारी? 'कार्ट्रिज' निवडताना काय पाहावे?

माळ्यावर पडून असलेल्या एलपी पुन्हा खाली येऊ लागल्या आहेत. आजोबांच्या संग्रहातली नाट्यपदे, अभंग, भावगीते नव्या टर्नटेबलवर वाजवण्याची हौस तरुणांमध्येही दिसते. मात्र टर्नटेबल घेतल्यावर पहिला गोंधळ उडतो तो कार्ट्रिजवरून. दुकानात सर्वात महाग असलेले कार्ट्रिज आपल्या टर्नटेबलवर सर्वात वाईट वाजू शकते. शिवाय चुकीच्या सुईने रेकॉर्डची खाच एकदा झिजली, की ती पुन्हा भरून येत नाही. ज्या तबकड्या पुन्हा कधी छापल्याच गेल्या नाहीत, त्यांच्या बाबतीत हे नुकसान कायमचे ठरते.

कार्ट्रिज नेमके काय करते?

टोनआर्मच्या टोकाला बसवलेला छोटा ठोकळा म्हणजे कार्ट्रिज. त्याच्या खाली एक बारीक दांडी असते. तिला कँटिलिव्हर म्हणतात आणि तिच्या टोकाला हिऱ्याची सुई असते. रेकॉर्डच्या खाचेतील चढउतारांनुसार सुई थरथरते आणि त्या हालचालीचे कार्ट्रिजमध्ये विजेच्या सूक्ष्म संकेतात रूपांतर होते.

मूव्हिंग मॅग्नेट (एमएम) प्रकारात कँटिलिव्हरसोबत चुंबक हलते, तर मूव्हिंग कॉइल (एमसी) प्रकारात तारेचे वेटोळे हलते. एमएम कार्ट्रिज साधारण ३ ते ६ मिलिव्होल्ट संकेत देते. कमी आउटपुटचे एमसी मात्र ०.२ ते ०.५ मिलिव्होल्टच देते. त्यामुळे एमसी घेण्याआधी आपल्या फोनो प्रीअँपला एमसीची सोय आहे का, हे पाहावे लागते. ती नसेल तर आवाज अगदी क्षीण येतो. दुसरा फरक खर्चाचा. बहुतेक एमएममध्ये झिजलेली सुई घरीच बदलता येते. एमसीमध्ये सहसा पूर्ण कार्ट्रिज बदलावे लागते किंवा कारागिराकडून नवी सुई बसवून घ्यावी लागते.

टोनआर्मशी जुळणी का महत्त्वाची?

कँटिलिव्हर ज्या रबरी आधारावर टेकलेला असतो, तो स्प्रिंगसारखे काम करतो. त्याची लवचिकता म्हणजे 'कंप्लायन्स'. या स्प्रिंगवर टोनआर्म आणि कार्ट्रिजचे वजन असते. कोणत्याही स्प्रिंग-वजनाच्या जोडीप्रमाणे या जोडीचीही एक नैसर्गिक कंपनसंख्या असते. स्कूटरचे मऊ शॉकअप ट्रकला लावले तर ट्रक हिंदकळत राहील. ट्रकचे कडक शॉकअप स्कूटरला लावले तर प्रत्येक खडा जाणवेल. इथेही तेच घडते.

ही कंपनसंख्या साधारण ८ ते १२ हर्ट्झदरम्यान असावी, असे मानले जाते. वाकलेल्या रेकॉर्डमुळे किंवा घरातील पावलांमुळे होणारी हालचाल प्रामुख्याने याहून खालच्या पट्ट्यात असते. ऐकू येणारे संगीत २० हर्ट्झच्या आसपास सुरू होते. दोन्हींच्या मधली जागा सुरक्षित.

हा हिशेब कसा करायचा?

सूत्र सोपे आहे. टोनआर्मचे परिणामी वस्तुमान म्हणजे 'इफेक्टिव्ह मास', कार्ट्रिजचे वजन आणि स्क्रूंचे वजन यांची ग्रॅममध्ये बेरीज करावी. तिला कंप्लायन्सने गुणावे, गुणाकाराचे वर्गमूळ काढावे आणि १५९ ला त्याने भागावे. उत्तर हर्ट्झमध्ये मिळते.

उदाहरणार्थ, टेक्निक्स एसएल-१२०० च्या टोनआर्मचे परिणामी वस्तुमान १२ ग्रॅम आहे. त्यावर ७.२ ग्रॅमचे आणि २० कंप्लायन्सचे ऑर्टोफोन २एम रेड लावले व स्क्रूंचा १ ग्रॅम धरला, तर उत्तर ७.९ हर्ट्झ येते. म्हणजे काठावर, पण चालण्याजोगे. तेच कार्ट्रिज ६ ग्रॅमच्या हलक्या टोनआर्मवर ९.४ हर्ट्झ देते. २५ ग्रॅमच्या जड टोनआर्मवर मात्र ते ६.२ वर घसरते आणि वाकलेल्या रेकॉर्डवर सुई डगमगू लागते.

याउलट उदाहरण डेनॉन डीएल-१०३ चे. जपानच्या एनएचके प्रसारण संस्थेसाठी १९६० च्या दशकात तयार झालेले हे कार्ट्रिज आजही विकले जाते. त्याचे वजन ८.५ ग्रॅम आणि कंप्लायन्स अवघा ५ आहे.

इथे एक मेख आहे. जपानी कंपन्या हा आकडा बहुधा १०० हर्ट्झवर मोजून देतात, तर युरोपीय कंपन्या १० हर्ट्झवर. सूत्रासाठी १० हर्ट्झचा आकडा लागतो. म्हणून जपानी आकडा ढोबळपणे दीडपट ते दुप्पट धरतात. त्यानुसार डीएल-१०३ टेक्निक्सवर साधारण ११ ते १२.५ हर्ट्झ देते, पण ६ ग्रॅमच्या टोनआर्मवर १३ ते १५ पर्यंत जाते. म्हणूनच या कार्ट्रिजला जड टोनआर्म मानवतो.

सुईचा आकार किती महत्त्वाचा?

शंक्वाकार म्हणजे कोनिकल सुई स्वस्त असते आणि बसवताना झालेली थोडी चूक सांभाळून घेते. लंबवर्तुळाकार सुई बारीक तपशील अधिक टिपते. शिबाता किंवा मायक्रोलिनिअर प्रकार आणखी तपशील देतात, पण त्या अचूक कोनातच बसवाव्या लागतात. सुईचे आयुष्य कंपनी आणि आकारानुसार साधारण ३०० ते १००० तास सांगितले जाते. रोज एक तास ऐकणाऱ्याची ३०० तासांची सुई वर्षभरही पुरत नाही.

घरात बालगंधर्वांच्या काळातील ७८ आरपीएमच्या लाखेच्या तबकड्या असतील, तर त्यांना वेगळीच सुई हवी. त्यांची खाच रुंद असते. एलपीची सुई तिच्यात तळाशी घासत जाते आणि खरखर वाढते. उलट ७८ ची जाड सुई एलपीवर टेकवणे म्हणजे एलपी खराब करणे. ऑडिओ-टेक्निका व्हीएम९५ सारख्या मालिकेत एकाच कार्ट्रिजवर दोन्ही प्रकारच्या सुया बसवता येतात. मात्र सुई बदलली की तिचा भारही नव्याने लावावा लागतो.

खरेदीपूर्वी काय तपासावे?

पहिली गोष्ट, कार्ट्रिज बदलता येते का? अनेक स्वस्त सूटकेस प्लेअरमध्ये सिरॅमिक कार्ट्रिज कायमचे बसवलेले असते आणि केवळ सुई बदलता येते. दुसरी, टोनआर्मचे मागचे वजन नव्या कार्ट्रिजला तोलू शकते का? तिसरी, प्रीअँप एमएमचा आहे की एमसीचा?

कार्ट्रिज बसवल्यावर कंपनीने सांगितलेला भार डिजिटल काट्यावर मोजून लावावा. २एम रेडसाठी तो १.८ ग्रॅम, तर डीएल-१०३ साठी २.५ ग्रॅम आहे. रेकॉर्ड जपण्यासाठी भार कमी ठेवावा, हा समज चुकीचा आहे. भार कमी पडला की सुई खाचेत उसळते आणि भिंतींवर आपटते. त्यातून होणारी झीज योग्य भारापेक्षा जास्त असते.

थोडक्यात, आधी टोनआर्म, मग प्रीअँप, मग कार्ट्रिज आणि किंमत सर्वात शेवटी. जुळणारे साधे कार्ट्रिज नीट बसवले, तर ते न जुळणाऱ्या महागड्यापेक्षा चांगले वाजते. शिवाय आजोबांच्या तबकड्या नातवंडांपर्यंत शाबूत पोहोचतात.