नारू आणि अंगठा

१९८४ सालची गोष्ट. मराठवाड्यातल्या एका खेड्यात, बँकेच्या शाखेत मी नवा अधिकारी होतो. मे संपत आला होता आणि पीककर्जासाठी रीघ लागली होती. एक वयस्क शेतकरी डावा हात फडक्यात गुंडाळून आले. ‘‘काका, अंगठा द्या,’’ म्हटल्यावर त्यांनी फडके सोडले. मनगट सुजून लाल झालेले, त्यातून शेवईसारखा पांढरा दोरा लोंबत होता. टोक काडीला गुंडाळलेले.

‘‘नारू हाय, सायब. रोज बोटभर गुंडाळायचा. वढला की तुटतो.’’

नारू पायालाच होतो, अशी माझी समजूत. बहुतेकदा तसेच असते. पायऱ्यांच्या विहिरीतल्या पाण्याबरोबर सायक्लॉप्स नावाचा बारीक जीव पोटात जातो, त्याच्यात अळी असते. वर्षभराने दोन-तीन फूट लांबीची मादी कातडीखाली येते. फोड उठतो, आग होते, माणूस पाय पाण्यात बुडवतो आणि हजारो अळ्या पुन्हा विहिरीत! पण नारू हातातून, छातीतूनही निघतो. पखाली वाहणाऱ्या भिस्त्यांच्या पाठीतून निघाल्याचे जुन्या डॉक्टरांनी लिहून ठेवले आहे. कधी नुसते गळू होते. कधी तो बाहेर येतच नाही, आतच मरून चुन्यासारखा कडक होतो आणि पुढे भलत्याच कारणाने काढलेल्या एक्स-रेत दिसतो.

त्याला मारणारे औषध आजही नाही. जखम स्वच्छ ठेवायची, वेदनाशामक द्यायचे आणि काडी धीराने फिरवायची. तुटला तर आत पू होतो, सांधा आखडतो.

मी म्हणालो, ‘‘हात बरा झाला की या.’’ नारू निघायला कित्येक आठवडे लागतात, पाऊस थांबत नाही. त्यांनी सावकार गाठला. साक्षीदार घेऊन उजव्या अंगठ्याचा ठसा चालला असता, हे वरिष्ठांनी मला नंतर सांगितले.

पुढे पाणी गाळायची फडकी आली, हातपंप आले, विहिरींत औषध पडू लागले. भारतातला शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात जोधपूर जिल्ह्यात सापडला. २००० साली देश नारूमुक्त ठरला. १९८६ साली जगात अंदाजे पस्तीस लाख रुग्ण होते, २०२३ साली चौदा. लस नाही, गोळी नाही. हे काम बव्हंशी फडक्याने केले.

काका पुढच्या मे महिन्यात आले. नारू तुटला होता, मनगट वाकडेच राहिले होते. मी शाईचे पॅड पुढे सरकवले. त्यांनी न सांगता उजवा अंगठा ठेवला.