सडपातळ अंगातली चरबी

2004 साली ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचं एक छायाचित्र छापून आलं. एक लंडनचे जॉन युडकिन, दुसरे पुण्याच्या केईएम रुग्णालयातले चित्तरंजन याज्ञिक. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागलं की जो आकडा येतो, तो बॉडी मास इंडेक्स, म्हणजेच बीएमआय. दोघांचाही बीएमआय होता 22.3. काट्याच्या आणि उंचीच्या हिशेबात दोघं सारखेच सडपातळ. मग क्ष-किरणांच्या यंत्राने अंगातली चरबी मोजली. युडकिन यांच्या शरीरात ती 9.1 टक्के निघाली, याज्ञिकांच्या शरीरात 21.2 टक्के. युडकिन लांब पल्ल्याचे धावपटू, तर याज्ञिकांचं धावणं लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत ती गाठण्यापुरतं, हेही दोघांनी सोबतच्या मजकुरात मोकळेपणाने नोंदवलं होतं.

मला हे छायाचित्र फार महत्त्वाचं वाटतं. ‘मी कुठे जाड आहे?’ हा प्रश्न आपल्याकडे शुगर निघालेली किती माणसं विचारतात! आमच्या नात्यातल्या एका काकांनी तो रिपोर्ट हातात धरून विचारला होता. हातपाय काटकुळे, गालफडं बसलेली, वजन साठच्या आत. फक्त सदऱ्याखाली पोट तेवढं पुढे आलेलं, आणि त्याकडे घरात कुणी आजाराची खूण म्हणून पाहिलंच नव्हतं.

चरबी किती आहे यापेक्षा ती कुठे आहे, इथे सगळी गोम आहे. कातडीखालची चरबी ही शरीराची कणगी. जास्तीचं ते तिथे भरून ठेवायचं, अडीअडचणीला काढायचं. ही कणगी प्रत्येकाची वेगळ्या मापाची असते. मोठी असेल तर माणूस चांगला जाडजूड होऊनही साखर बराच काळ ताब्यात राहते. लहान असेल तर ती लवकर भरते आणि पुढचं धान्य घरभर सांडू लागतं. आतड्यांभोवती, यकृतात, स्वादुपिंडात. न्यूकॅसलचे डॉक्टर रॉय टेलर यांनी नेमकं हेच मांडलं आहे: चरबी पेलण्याची मर्यादा ज्याची त्याची असते आणि ती ओलांडली की मधुमेह सुरू होतो, मग बीएमआय काहीही असो. यकृतात चरबी साचली की ते इन्सुलिनचं ऐकेनासं होतं. रात्री आपण झोपलेले असतो, पोटात काही नसतं, तरी ते रक्तात साखर सोडत राहतं. सकाळी उपाशीपोटी घेतलेल्या रक्तात साखर जास्त दिसते ती बहुतांशी ह्यामुळे.

म्हणूनच आपल्या लोकांसाठी मापं वेगळी ठेवावी लागली. पाश्चात्त्य देशांत बीएमआय 25 च्या पुढे गेला की वजन जास्त म्हणतात. भारतीयांसाठी तज्ज्ञांनी ही रेषा 23 वर आणली, आणि 25 पासून पुढे लठ्ठपणाच धरला. कमरेच्या घेराची मर्यादा पुरुषांना 90 सेंटिमीटर, बायकांना 80. हा घेर पँटच्या पट्ट्याशी मोजायचा नसतो. सुटलेल्या पोटाखाली पट्टा खाली सरकतो आणि वर्षानुवर्षं तोच नंबर बसत राहतो. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडून, पोट आत न ओढता टेप लावायची. टेप नसेल तर आपल्या उंचीएवढी सुतळी घ्या आणि बरोबर मधे दुमडा. ती दुहेरी सुतळी पोटाभोवती पुरली पाहिजे. पुरत नसेल, तर काट्यावर वजन कितीही कमी दिसो, रक्त तपासून घ्या.

दुसरी बाजू स्नायूंची, आणि तिच्याकडे आपलं फारच दुर्लक्ष होतं. जेवणानंतर रक्तात आलेल्या साखरेचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे स्नायू. ग्लूट-4 नावाची प्रथिनं स्नायूपेशीच्या आतून पृष्ठभागावर येतात आणि साखरेला वाट करून देतात. एरवी त्यांना इन्सुलिनची हाक लागते. पण स्नायू काम करत असला की ती हाकेवाचूनही वर येतात. जेवण झाल्यावर शतपावली घालायची आपली जुनी चाल यात चपखल बसते, फक्त पावलं शंभरावर थांबवू नयेत, दहा-पंधरा मिनिटं होऊ द्यावीत. मुळात स्नायूच थोडे असतील तर साखर ठेवायला जागाच थोडी. त्यामुळे बारीक अंगाच्या, पोट सुटलेल्या माणसाने नुसतं कमी खाऊन वजन उतरवलं तर चरबीबरोबर तुटपुंजे स्नायूही झिजतात. त्याला चालण्याच्या जोडीला उठाबशा, जिने, वजनं उचलणं हवंच.

यावर भारतातला भक्कम पुरावा चेन्नईचा आहे. डॉ. ए. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी, साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या 531 जणांना घेऊन केलेला अभ्यास 2006 साली प्रसिद्ध झाला. ज्यांना नेहमीचा सल्ला देऊन सोडलं, त्यांच्यापैकी तीन वर्षांत 55 टक्के लोकांना मधुमेह झाला. खाण्यापिण्यात बदल आणि नियमित चालणं ज्यांच्याकडून करवून घेतलं, त्यांच्यात हे प्रमाण 39.3 टक्के राहिलं. आणि या दुसऱ्या गटाचं सरासरी वजन फारसं उतरलंच नव्हतं! अमेरिकेतल्या 2002 सालच्या अशाच मोठ्या अभ्यासात धोका 58 टक्क्यांनी घटला होता. तिथे वजन सात टक्क्यांनी उतरवणं आणि आठवड्याला 150 मिनिटं व्यायाम हे उद्दिष्ट होतं. ज्यांचं वजन खरोखर जास्त आहे त्यांनी ते उतरवावंच, त्यासारखा उपाय नाही. पण काटा हलला नाही म्हणून चालणं सोडून देणाऱ्यांना चेन्नईचे हे आकडे माहीत असायला हवेत.

ताटाबद्दल थोडंसं. भारतीयांच्या आहारात सुमारे 62 टक्के ऊर्जा पिष्टमय पदार्थांतून येते, असं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीत आढळलं. सकाळी पोहे किंवा साबुदाण्याची खिचडी, दुपारी पोळी-भात, चार वाजता चहा-बिस्किटं, रात्री पुन्हा पोळी-भात. वरण असतं, पण पातळ. त्याच पाहणीतून एक गोष्ट पुढे आली जी अनेकांना रुचणार नाही. तांदूळ बदलून नुसती गव्हाची किंवा नाचणी-बाजरीसारख्या भरडधान्याची पिठं घेतल्याने मधुमेहाचा धोका कमी झालेला दिसला नाही. पिष्टमय भागच थोडा कमी करून त्या जागी डाळी-कडधान्यं किंवा दूध-दह्यातली प्रथिनं घेणाऱ्यांत तो कमी दिसला. म्हणजे चार पोळ्यांऐवजी चार भाकऱ्या हे उत्तर नव्हे. दोन भाकऱ्या, वाटीभर मटकीची उसळ आणि दही, हे उत्तराच्या जवळ जातं.

‘आमच्याकडे ते खानदानीच आहे’ असं म्हणून पुष्कळ जण हा विषय मिटवतात. घराण्याचा संबंध असतोच, पण तो एकट्या जनुकांचा नव्हे. याज्ञिकांच्या गटाने 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भवती बायकांचा अभ्यास सुरू केला. शेतात राबणाऱ्या, बारीक चणीच्या ह्या बायका. त्यांची बाळं जन्मतः सरासरी 2.7 किलोची होती, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची 3.5 किलोची. आपली बाळं सगळ्याच बाबतीत लहान, पण सारखी लहान नाहीत. दंड आणि पोट यांची मापं फार कमी, पाठीवरच्या कातडीच्या चिमटीतली चरबी मात्र त्या मानाने राखलेली. छायाचित्रातल्या याज्ञिकांची जी ठेवण, तीच या तान्ह्या बाळांची. गर्भात अन्न तुटपुंजं मिळालं तेव्हा शरीराने स्नायूंना कात्री लावली आणि चरबी सांभाळली.

आयांच्या ताटाकडे पाहिलं तर पालेभाज्या, फळं आणि दूध जिला जास्त मिळालं तिचं बाळ मोठं भरलं. सुमारे दोन-तृतीयांश आयांमध्ये ब-12 जीवनसत्त्व कमी होतं. दूध, अंडी, मांस-मासे यांतूनच मिळणारं हे जीवनसत्त्व भाजी-भाकरीतून येत नाही. ज्या आयांत ब-12 कमी आणि फोलेट जास्त होतं, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीच इन्सुलिनला दाद न देण्याची खूण अधिक दिसली. सहा वर्षांचं पोर, कुठे बिस्किटं आणि कुठे बैठी नोकरी!

ती पोरं वाढली. वयात आल्यावर, स्वतः आईबाप होण्याच्या आधीच, त्यांच्यातल्या काहींना ब-12 च्या गोळ्या रोज द्यायला संशोधकांनी सुरुवात केली. त्यांच्यातल्या मुलींची लग्नं झाली, त्यांनाही बाळं झाली. 1990 च्या दशकात ज्यांचं वजन आणि दंडाचा घेर टिपून ठेवला होता, त्यांच्या लेकरांची मापं पुढे त्याच गावांत घेतली गेली.