मातीचे धरण आणि गढूळ पाणी



मातीच्या धरणाचा धडा आला की वर्गात एक प्रश्न हमखास येई. माती पाण्यात विरघळते, मग मातीने पाणी अडते कसे? प्रश्न अगदी योग्य आहे. आपल्यापैकी बरेच जण कोकणातल्या गावांतून आले. तेथे डोंगराच्या पायथ्याशी अशी लहान धरणे आहेत आणि त्यांच्या पाण्यावर उन्हाळी भात व भाजीपाला होतो. येथे इस्रायलमध्येही शेतांच्या कडेला मातीचे बांध घातलेले ‘मागर’ आपण बसमधून पाहतो. म्हणून या बांधाचे शास्त्र सोप्या शब्दांत सांगावे असे मनात आले.

उदाहरण म्हणून आयर्लंडमधले एक धरण घेऊ या. भाचीकडे डब्लिनला गेलो असता ते पाहण्याचा योग आला. आयर्लंडमध्ये वर्षभर पाऊस पडतो, त्यामुळे पाट काढून शेत भिजवण्याची वेळ तेथे सहसा येत नाही. तरी मातीचे बांध तेथेही घातले गेले. उत्तरेकडच्या डाऊन परगण्यात लॉख आयलंड रेव्ही या तळ्याला बांध घालून 1839 साली पाणी वाढवले, ते बॅन नदीवरच्या गिरण्यांना उन्हाळ्यात पाणी कमी पडू नये म्हणून. पाण्याचा उपयोग वेगळा, पण बांधाची रीत आपल्या शेतीच्या धरणासारखीच.

मी पाहिलेले धरण डब्लिनच्या दक्षिणेस, विक्लो परगण्यात राउंडवुड या खेड्याजवळ वार्ट्री नदीवर आहे. पूर्वी डब्लिनचे लोक मुख्यतः कालव्याचे पाणी पीत. ते अस्वच्छ असे आणि पुरतही नसे. शहराच्या पाणी समितीचे अध्यक्ष जॉन ग्रे यांनी हट्ट धरला की पाणी डोंगरातून आणायचे. 1862 साली काम सुरू झाले. 1863 मध्ये नदीचा प्रवाह वळवण्याच्या समारंभातच ग्रे यांना ‘सर’ हा किताब मिळाला. 1868 च्या सुमारास योजना पुरी झाली. इंजिनियर होते पार्क नेव्हिल. धरण सुमारे 20 मीटर उंच आणि अर्धा किलोमीटर लांब आहे. त्याच्या माथ्यावरून रस्ता जातो. गाडीत बसलेल्याला आपण धरणावरून चाललो आहोत हे सांगावे लागते, इतके ते हिरव्या टेकडीसारखे दिसते.

आपल्या वाचकांना या पाण्याविषयी आणखी एक गोष्ट आवडेल. जेम्स जॉइस यांच्या 1922 साली निघालेल्या ‘युलिसिस’ या प्रसिद्ध कादंबरीचा नायक लिओपोल्ड ब्लूम हा हंगेरीहून आलेल्या ज्यू बापाचा मुलगा. तो रात्री घरी येऊन कोकोसाठी नळ सोडतो, तेव्हा लेखक ते पाणी राउंडवुडच्या तलावापासून नळापर्यंत कसे आले याचे सविस्तर वर्णन करतो. आपले माजी राष्ट्राध्यक्ष हाईम हर्झोग हेही डब्लिनमध्येच वाढले. त्या काळी शहराची तहान मुख्यतः याच धरणावर भागत होती.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. बांधाची सगळीच माती पाणी अडवीत नाही. मधोमध चिकणमातीची एक उभी भिंत असते, तिला गाभा म्हणतात. कुंभार जशी माती भिजवून, तुडवून एकजीव करतो, तशी ही माती थराथराने तुडवून घट्ट करतात. ही भिंत जमिनीच्या वर सुरू होत नाही. आधी खोल चर खणून, खाली कठीण थर लागला की तेथून ती उभी करतात, नाहीतर पाणी बांधाच्या बुडाखालून निघून जाते. गाभ्याच्या दोन्ही बाजूंना साध्या मातीचा रुंद भराव असतो. गाभा पाणी अडवतो आणि भराव आपल्या वजनाने गाभ्याला सावरतो. पाण्याकडच्या उतारावर दगड लावतात, म्हणजे लाटांनी माती धुपत नाही. दुसऱ्या उतारावर गवत वाढू देतात, म्हणजे पावसाने ओघळ पडत नाहीत.

याशिवाय दोन गोष्टी लागतात. पाणी काढून घेण्यासाठी खाली मोरी, आणि पुराचे जादा पाणी बाजूने सोडण्यासाठी सांडवा.

अशा बांधाला तीन मोठे धोके असतात.

पहिला धोका माथ्यावरून. सांडवा लहान पडला किंवा झाडाझुडपांनी तुंबला, तर पाणी माथ्यावरून वाहू लागते. दगडी धरण हा मारा काही वेळ सोसते. मातीचा बांध मात्र मागच्या उताराकडून कापला जातो आणि थोड्या तासांत खचतो.

दुसरा धोका पोटातून. मातीच्या बांधातून थोडे पाणी झिरपणारच. त्यासाठी पायथ्याशी दगडांचा निचरा ठेवतात. झिरपणारे पाणी स्वच्छ असेल आणि त्याचे प्रमाण वाढत नसेल तर सहसा काळजीचे कारण नसते. पण ते गढूळ झाले, तर त्याचा अर्थ असा की पाणी येताना बांधाची माती घेऊन येत आहे. आत बारीक नळी तयार होत असते. ती पायथ्याकडून तलावाकडे वाढत जाते, आणि तलावाला मिळाली की बांध फुटतो.

तिसरा धोका मोरीच्या कडेने. जेथे लोखंडी नळ किंवा दगडी मोरी मातीतून जाते, तेथे माती नीट चिकटून बसत नाही. वार्ट्रीचे काम चालू असतानाच, 11 मार्च 1864 च्या रात्री इंग्लंडमध्ये शेफील्डजवळचे नवे मातीचे धरण पहिल्यांदा भरताना फुटले आणि सुमारे 240 माणसे मेली. कारणांवर मतभेद झाले, परंतु बांधाखालून नेलेल्या नळांकडे अनेकांनी बोट दाखवले. पुण्याच्या वाचकांना 12 जुलै 1961 चा पानशेतचा दिवस आठवत असेल. तेथेही नव्या मातीच्या धरणाचा मोरीवरचा भाग खचला आणि पाणी माथ्यावरून गेले.

वार्ट्रीचे धरण दीडशे वर्षांहून अधिक काळ उभे आहे. बांधणी चांगली होती हे खरेच, पण त्या पाण्यावर राजधानी अवलंबून असल्यामुळे त्याच्याकडे सतत कोणीतरी पाहत आले. अलीकडे तेथे पाणी शुद्ध करण्याचा नवा कारखाना झाला आणि जुन्या बांधाचेही मजबुतीकरण केले गेले. उत्तर आयर्लंडने तर 2015 साली कायदाच केला. दहा हजार घनमीटरांहून अधिक पाणी साठवणारा तलाव, मग तो खाजगी असला तरी, त्या कायद्याच्या कक्षेत येतो.

खरी चिंता लहान धरणांची आहे. मोठ्या धरणावर चौकीदार असतो, इंजिनियर असतो, वर्तमानपत्रात पाण्याची पातळी छापून येते. खेड्यातल्या धरणाचे एकदा उद्घाटन झाले की त्याच्याकडे कोण पाहणार? चिपळूण तालुक्यातले तिवरे येथील धरण असेच लहान, मातीचे, शेतीसाठी बांधलेले. 2 जुलै 2019 च्या रात्री ते फुटले. पायथ्याची वाडी वाहून गेली आणि वीसहून अधिक माणसे मेली. गळतीबद्दल गावकऱ्यांनी आधीच तक्रारी केल्या होत्या. त्या वेळच्या मंत्र्यांनी खेकड्यांनी धरण पोखरल्याचे सांगितले, तेव्हा लोक हसले आणि चिडलेही.

खेकडे मातीत बिळे करतात हे कोकणातल्या माणसाला शिकवावे लागत नाही. अलिबाग-पेणकडे खारे पाणी अडवणारे मातीचे बंधारे आहेत. उधाणाच्या दिवसांत गावची माणसे बंधाऱ्यावर फिरत, बीळ दिसले की चिखलाने बुजवत. कारण भोक लहान असताना बुजवले नाही तर खांड जाते आणि भातशेतीत समुद्र शिरतो, हे त्यांना ठाऊक होते. खेकडे तेव्हाही होते, पण बंधाऱ्यावर माणसांचे लक्ष होते. आपल्या तोरातही, जो खड्डा खणतो आणि उघडा ठेवतो, त्यात पडलेल्या जनावराची भरपाई त्यालाच करावी लागते. धरण बांधणाऱ्यालाही हाच न्याय लावायला हवा.

आपण आता धरण बांधणार नाही की त्यावर पहारा करणार नाही. पण आपल्यातले कित्येक जण अजून गावी जातात, सिनेगॉगला आणि कबरस्तानाला भेट देतात, जुन्या शेजाऱ्यांशी फोनवर बोलतात. तेव्हा गावच्या धरणाविषयी चार गोष्टी अवश्य विचाराव्यात. पायथ्याशी येणारे पाणी स्वच्छ आहे की गढूळ? माथ्याला कोठे भेग किंवा खोलगट भाग पडला आहे का? बांधावर मोठी झाडे उगवली आहेत का? कारण झाड मेले की त्याची मुळे कुजतात आणि पाण्याला वाट मिळते. आणि पावसाळ्यापूर्वी सांडवा मोकळा केला आहे का?

उत्तर काळजीचे असेल तर ग्रामपंचायतीने तहसीलदारांना आणि पाटबंधारे खात्याला लेखी कळवावे आणि पोच घ्यावी, असे शेजाऱ्यांना सांगावे. आणि पाणी गढूळ येऊ लागले असेल, तर कागद लिहिण्यापूर्वी खालच्या वाडीतली माणसे उंचावर हलवावीत.