फिल्टर बदलला, ताकद वाढली?

‘कोन फिल्टर बसव, पिकअप वाढेल’ हा सल्ला नवी मुंबईतल्या गॅरेजमध्ये तुम्ही ऐकला असेल. संशोधक म्हणून तो तपासायचा कसा?

इंजिनाला हवेचं आकारमान नाही, वस्तुमान लागतं. बॉनेटखालचा उघडा फिल्टर अडथळा कमी करतो खरा, पण इंजिनाजवळची गरम हवाही ओढतो. दाब तोच असताना हवा ३५ वरून ६५ अंश सेल्सिअसवर गेली, तर घनता सुमारे ९ टक्के घटते. कमावलेलं तिथेच जाऊ शकतं!

म्हणून आधी मूळ एअरबॉक्ससह डायनोवर चाचणी घ्या, मग फक्त फिल्टर बदला. दोन्ही वेळा इनटेकचं तापमान आणि फिल्टरनंतरचा दाब नोंदवा. आणि लक्षात ठेवा, बॉनेट उघडून, पंखा लावून मिळालेला आकडा पाम बीच रोडच्या सिग्नलवर टिकेलच असं नाही.