गडावरचा गारठा जोडीदाराला आधी दिसतो

जुलैमधला शनिवार. सकाळी पुण्याहून निघालेले एक जोडपे अकोले तालुक्यातल्या पाचनई गावात पोहोचते, तेव्हा दुपारचे साडेतीन वाजलेले असतात. दोघांच्या अंगात जीन्स आणि सुती टी-शर्ट. रेनकोट एकच, तो तिला दिलेला. पाठीवर भाड्याने आणलेला तंबू, खायला वेफर्स आणि बिस्किटे, विजेरी म्हणून मोबाइल. हरिश्चंद्रगडावर पावसाळ्यातल्या जवळपास कोणत्याही शनिवारी असे जोडपे भेटेल.

गडावर पोहोचल्यावर ती दोघे केदारेश्वराच्या गुहेत जातात. शिवलिंगाभोवतीच्या कमरेएवढ्या थंडगार पाण्यात उतरून तो प्रदक्षिणा घालतो. बाहेर आल्यावर वारा सुटलेला असतो. तंबू उभा राहीपर्यंत अंधार पडतो आणि आत पाणी झिरपू लागते. कोरडे कपडे नाहीत, खाली अंथरायला एक पातळ चादर. रात्री अकरापर्यंत तो कुडकुडत असतो. एकच्या सुमारास त्याची हुडहुडी थांबते.

‘‘अरे, अजून थंडी वाजतेय?’’

‘‘नाही गं. आता बरं वाटतंय. झोपू दे.’’

हे ऐकून ती निश्चिंत होते. पण त्या रात्रीतले सर्वांत धोक्याचे वाक्य कदाचित हेच असते.

बर्फाशिवायची थंडी

थंडीने माणूस दगावतो तो हिमालयात, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. सह्याद्रीत बर्फ पडत नाही, पावसाळ्यात पारा फारसा उतरतही नाही. पण हरिश्चंद्रगड सुमारे १,४०० मीटर उंच आहे. दर हजार मीटर चढल्यावर हवा साधारण पाच ते साडेसहा अंशांनी थंड होते. मुंबईत रात्री २५ अंश तापमान असेल, तर गडमाथ्यावर ते १६ ते १८ अंशांच्या आसपास असते. शहरातला एसी आपण एवढ्यावरच लावतो. फरक इतकाच, की एसीच्या खोलीत आपण कोरडे असतो आणि अंगावर पांघरूण असते.

पाणी शरीरातली उष्णता हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगाने ओढून घेते. कपडे ऊब देतात ते धाग्यांमध्ये अडकलेल्या हवेमुळे. सुती कापड भिजले, की त्या हवेची जागा पाणी घेते आणि कपडा ऊब देण्याऐवजी ती काढून घेऊ लागतो. भिजलेली जीन्स तर तासन्‌तास वाळत नाही. त्यात वारा असेल, तर पाण्याची वाफ होताना अंगातली आणखी उष्णता निघून जाते.

एकाच जिल्ह्यात पावसाची दोन टोके असल्याने फसगत आणखी सोपी होते. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्याचा बराचसा भाग अवर्षणप्रवण आहे. पण याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे आणि तिथल्या घाटघरला ‘नगरची चेरापुंजी’ म्हणतात. आळेफाट्यावर ऊन असले म्हणून पाचनईच्या वर ऊन असेलच असे नाही.

ऑगस्ट २०२३ च्या सुरुवातीला पुण्याहून आलेल्या सहा जणांच्या गटाची हरिश्चंद्रगडावर धुक्यात वाट चुकली. पावसात आणि गारठ्यात अडकलेल्या या गटातल्या एकाचा मृत्यू झाला, पाच जणांना खाली आणण्यात आले.

विचार आधी गोठतो

आपल्या शरीराच्या आतले तापमान साधारण ३७ अंश असते. ते ३५ अंशांच्या खाली गेले, की त्या अवस्थेला ‘हायपोथर्मिया’ म्हणतात. शरीर ही घसरण मुकाट्याने सोसत नाही. हातापायांच्या त्वचेकडे जाणारे रक्त ते कमी करते, म्हणजे हृदय आणि मेंदू उबदार राहतात. मग स्नायू वेगाने आकुंचन-प्रसरण पावू लागतात, हीच हुडहुडी. तिच्यामुळे शरीरात एरवीपेक्षा कितीतरी पट जास्त उष्णता तयार होते. पण या शेगडीला जळण लागते. चढून दमलेल्या आणि वेफर्सवर दिवस काढलेल्या माणसाकडे ते अपुरे असते.

तापमान ३२ अंशांच्या आसपास आले, की हुडहुडी मंदावते आणि पुढे थांबते. शरीर गरम झाल्यामुळे नव्हे, तर उष्णता तयार करण्याची ताकद संपल्यामुळे. तोवर मेंदूही मंदावलेला असतो. त्यामुळे ज्याला त्रास होतोय, त्यालाच तो कळत नाही. आपण ठीक आहोत, असे तो मनापासून सांगतो. अखेरच्या टप्प्यात काही जणांना उकडल्यासारखे वाटून ते अंगावरचे कपडेही काढतात.

ब्रिटनमधल्या पीक डिस्ट्रिक्ट या राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगराळ भागात मार्च १९६४ मध्ये लांब पल्ल्याच्या चालण्याच्या स्पर्धेत तीन तरुण गारठून मरण पावले. ल्युइस ग्रिफिथ पघ या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने या मृत्यूंचा अभ्यास केला. एव्हरेस्टच्या १९५३ च्या यशस्वी मोहिमेत प्राणवायू, आहार आणि कपड्यांचे शास्त्र पाहणारे ते हेच पघ. धडधाकट माणसाला गारठवायला हिमशिखर लागत नाही; पाऊस, वारा, भिजलेले कपडे आणि थकवा एकत्र आले तरी पुरते, हे त्यांच्या अभ्यासातून पुढे आले.

चार खुणा, दोन चाचण्या

म्हणूनच दोघांनी जाण्याचा एक मोठा फायदा आहे. स्वतःला न दिसणारे जोडीदाराला दिसते. त्यासाठी चार खुणा लक्षात ठेवाव्यात. पाय अडखळतात. बोलणे अडखळते, शब्द जड होतात. हातातली वस्तू निसटते, चेन किंवा बूट बांधता येत नाही. आणि एरवी शांत असणारा माणूस उगाच चिडतो किंवा एकदम गप्प होतो. सहलीत याला ‘दमला असेल’, ‘रुसली असेल’ असे म्हणून सोडून दिले जाते.

शंका आली तर दोन सोप्या चाचण्या आहेत. अंगठा त्याच हाताच्या करंगळीला टेकवायला सांगावे. सरळ रेषेत वीस-तीस पावले चालायला सांगावे. यातले काही जमत नसेल, तर ‘मी ठीक आहे’ या उत्तरावर विश्वास ठेवू नये. हुडहुडी थांबल्यावर माणूस ताजातवाना होऊन खायला मागत असेल, तर ते सुधारण्याचे लक्षण. तो सुस्त होऊन झोपू पाहत असेल, तर तातडीची वेळ आली आहे.

अशा वेळी पहिले काम म्हणजे वाऱ्या-पावसापासून आडोसा. मग ओले कपडे काढून कोरडे घालणे. नसतील तर कोरड्या पांघरुणात गुंडाळून वरून प्लॅस्टिक लपेटणे. डोके आणि मान झाकावी. अंगाखाली मॅट, रिकामी सॅक, दोर, जे असेल ते घालावे, कारण ओली जमीन खालून ऊब ओढते. उबदार माणसाने त्याच पांघरुणात शेजारी झोपल्यानेही मदत होते. गरम पाण्याच्या बाटल्या कापडात गुंडाळून छातीशी आणि काखेत ठेवाव्यात.

माणूस पूर्ण शुद्धीवर असेल आणि नीट गिळू शकत असेल, तरच गरम गोड चहा, गूळ, चिक्की द्यावी. दारू देऊ नये. तिने त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यामुळे क्षणभर गरम वाटते, पण आतली उष्णता बाहेर पडते. हातपाय चोळू नयेत आणि सुस्तावलेल्या माणसाला बळेच चालवू नये. गारठलेले हृदय नाजूक असते, धक्क्याने त्याची लय बिघडू शकते. त्याला आडवे ठेवून हलक्या हाताने हलवावे. सर्वांत मोठी चूक म्हणजे बंद तंबूत शेगडी किंवा निखारे ठेवणे. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग असतो, ना वास. झोपेतच जीव जातो.

मदतीसाठी १०८ किंवा ११२ क्रमांक आहेत, पण गडावर रेंज मिळेलच असे नाही. पाचनईचे ग्रामस्थ गडावर जेवणाची सोय करतात. त्यांची झोपडी कुठे आहे, हे दिवसाउजेडीच पाहून ठेवावे. राज्यातल्या गिर्यारोहकांचे बचाव समन्वय केंद्रही अशा वेळी पथके पाठवते. माणूस गार पडून निपचित झाला, तरी आशा सोडू नये. नॉर्वेत १९९९ मध्ये बर्फाखालच्या ओढ्यात अडकलेल्या एका तरुण डॉक्टरचे तापमान १३.७ अंशांवर उतरले होते. रुग्णालयात उपचार झाल्यावर ती वाचली आणि पुढे कामावरही परतली.

सॅकमध्ये काय हवे

या साऱ्याची वेळच येऊ नये, यासाठी लागणारे सामान महाग नाही. प्रत्येकाला स्वतंत्र रेनकोट. लवकर वाळणारे कपडे. कोरड्या कपड्यांचा एक संपूर्ण जोड, प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलेला आणि फक्त झोपताना घालायचा. लोकरीची टोपी, जाड मॅट, विजेरी, गूळ-शेंगदाणे. भिजली तरी लोकर बरीचशी ऊब धरून ठेवते. डोंगरातल्या माणसांनी घोंगडी उगाच सांभाळलेली नाही. अभयारण्यात मुक्कामाला परवानगी आहे का, हे वनविभागाकडे आधी विचारावे. परतण्याची वेळ घरी सांगून निघावे. दुपारी उशीर झाला असेल, तर मुक्काम गावातच करावा. गड दुसऱ्या दिवशीही तिथेच असतो.

त्या तंबूतल्या तिला हे ठाऊक असेल, तर ‘झोपू दे’ म्हटल्यावर ती झोपू देणार नाही. मोबाइलचा उजेड त्याच्या हातावर पाडून म्हणेल, ‘‘अंगठा करंगळीला लाव बघू.’’ तो चिडेल. बोट जागेवर पोहोचणार नाही. मग ती त्याचे ओले कपडे काढेल, असेल ते पांघरूण त्याच्याभोवती गुंडाळेल आणि संध्याकाळी पाहून ठेवलेल्या झोपडीच्या दिशेने मोठ्याने हाक मारेल.