जाहिरातीचे पैसे लाइकमध्ये घालवू नका

३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू झाला, तेव्हा पैसे देऊनही त्याची जाहिरात छापायला ‘केसरी’ने नकार दिला होता. आज देहूरोडचा मूर्ती विकणारा तरुण किंवा देहूगावात डबे करणारी ताई शंभर-दोनशे रुपयांत फेसबुक, इन्स्टाग्रामवर जाहिरात चालवू शकते. नकार देणारा संपादक मध्ये नाही. पण जाहिरात कोणाला दाखवायची हे आता यंत्र ठरवते. त्याला नीट सांगितले नाही, तर पैसे जातात आणि गिऱ्हाईक येत नाही.

आपले बहुतेक व्यावसायिक थेट ‘बूस्ट’ बटण दाबतात आणि लाइक-कमेंटचा पर्याय तसाच ठेवतात. मग मेटा कंपनी लाइक करण्याची सवय असलेली माणसे शोधून देते. कमेंटमध्ये नांदेड-नागपूरहून शंभर ‘जय भीम’ येतात, मन भरते. डबा एकही जात नाही. त्याऐवजी अ‍ॅड्स मॅनेजरमध्ये जाऊन ‘व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज यावेत’ हे उद्दिष्ट निवडा आणि नकाशावर आपल्या जागेभोवती काही किलोमीटरचे वर्तुळ आखा.

मोठ्या कंपन्यांपुढे आपला टिकाव कसा लागणार, असे तरुण विचारतात. जाहिरातीच्या प्रत्येक जागेसाठी क्षणात लिलाव होतो, पण त्यात केवळ जास्त बोली जिंकत नाही. पाहणारा प्रतिसाद देईल का आणि जाहिरातीचा दर्जा कसा आहे, हेही मोजले जाते. म्हणून ‘उत्तम चव, वाजवी दर’ असे मोघम लिहिण्यापेक्षा ‘चाकण-म्हाळुंगे, रात्रपाळीचा डबा संध्याकाळी सातपर्यंत खोलीवर’ हे लिहिणे फायद्याचे. हीच ओळ हिंदीतही द्या. तिथले निम्मे कामगार तरी बाहेरून आलेले दिसतात.

मूर्ती, पंचशील ध्वज, पुस्तके विकणाऱ्यांचा प्रश्न वेगळा. धार्मिक आचरण किंवा गटाशी संबंधित आवडींवरून प्रेक्षक निवडण्याचे पर्याय मेटाने जानेवारी २०२२ पासून काढले. समाजांत फूट पाडणाऱ्या जाहिराती पाहता ते बरेच झाले. आता निवड फोटोने आणि पहिल्या ओळीने करायची.

डबा किंवा शिलाईच्या पेजवर काही जण आडनाव टाळतात. ही भीती खोटी नाही. भाड्याची खोली शोधताना आपल्यातल्या अनेकांनी ती भोगली आहे. नाव द्यायचे की नाही हे ज्याचे पोट त्या धंद्यावर आहे त्याने ठरवावे, कार्यकर्त्यांनी त्याला टोमणे मारू नयेत. मात्र मोर्चाच्या पोस्ट आणि डब्याचा मेनू एकाच पेजवर नको. गिऱ्हाइकाला मेनू सापडत नाही, एवढे साधे कारण पुरे.

गुगलवर दुकानाची नोंद आणि व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसचा कॅटलॉग फुकट आहे. आधी ते करा.

२५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी देहूरोडच्या विहारात बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. दरवर्षी त्या दिवशी स्टॉल लावणाऱ्यांनी आठ-दहा दिवस आधी रोज शंभर रुपयांची जाहिरात करून पाहावी. समजा दहा दिवसांचे १,००० रुपये आणि १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,१८० रुपये गेले. प्रत्येक गिऱ्हाइकाला ‘कुठे पाहिलेत?’ विचारा. जाहिरात पाहून आलेल्या दहा मूर्ती खपल्या, तर एका मूर्तीमागे ११८ रुपये खर्च झाला. मूर्तीत ८० रुपयेच सुटत असतील, तर पुढच्या वर्षी जाहिरात बंद करा आणि तेच पैसे स्टॉलच्या चांगल्या फलकावर घाला.