लेकराची छाती भरते तेव्हा
(ऋतू आणि आरोग्य : भाग आठवा)

तुरीच्या राशी सुरू झाल्या की नांदेड-लातूरकडे घरोघरी खोकला ऐकू यायला लागतो. पहाटेची थंडी, मळणी यंत्रातून उडणारा भुस्सा, चुलीचा धूर आणि शाळेतून लेकरांनी आणलेली सर्दी, सगळं एकदमच येतं. मागच्या भागात आपण ताप पाहिला. आज हा खोकला.

सर्दीमागून येणारा साधा खोकला बहुतेकदा विषाणूंचा असतो. श्वासनलिकेची सूज ओसरेपर्यंत कफ होतच राहतो आणि खोकून तो बाहेर काढणं शरीराला भागच असतं. बहुतेकांचा खोकला दोनेक आठवड्यांत आपणहून जातो. घरगुती औषधांनी हे दिवस फारसे कमी होत नाहीत, पण सुसह्य नक्की होतात. तेवढ्यासाठी ती जरूर करावीत.

त्यांतला मला सर्वांत मोलाचा वाटतो तो अडुळसा. पानं इतकी कडू की शेळीही तोंड लावत नाही, म्हणून तो कुंपणाला चालतो. नुसती पानं कुटून रस नीट निघत नाही. जुनी रीत अशी : कुटलेल्या पानांचा गोळा वडाच्या किंवा एरंडाच्या पानात गुंडाळायचा, वरून मातीचा जाड लेप द्यायचा आणि निखाऱ्यात ठेवायचा. माती लाल झाली की गोळा काढून फडक्यातून पिळायचा. चूल नसेल तर पानं वाफवून पिळली तरी चालतात. मोठ्या माणसाला चमचाभर रस, त्यात तेवढाच मध. याच पानांतल्या व्हॅसिसिन या द्रव्यावरून रसायनशास्त्रज्ञांनी ब्रोमहेक्सिन घडवलं आणि १९६३ मध्ये ते औषध म्हणून बाजारात आलं. कफ पातळ करणाऱ्या कितीतरी सिरपांत आज ते किंवा त्याचंच भावंड अँब्रॉक्सॉल असतं. गरोदर बाईनं मात्र अडुळसा घेऊ नये. त्यानं गर्भाशय आकुंचन पावू शकतं.

हळद आपल्याच भागातली. शेजारच्या वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. तरी हळद-दुधात आराम देते ती मुख्यतः ऊब, असं माझं मत आहे. मधाचं तसं नाही. झोपताना चमचाभर मध दिला तर मुलांचा रात्रीचा खोकला कमी होतो, हे चाचण्यांत दिसलं आहे. पण एक वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचं बोटही चाटवू नका. त्यातल्या जंतूंच्या बीजाणूंपासून जिवावर बेतणारा बॉट्युलिझम होऊ शकतो. अशा बाळाला आईचं दूध, नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब आणि ऊबदार कपडे, एवढंच.

सिरपची घाईही नको. २०२५ मध्ये छिंदवाड्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य मिसळलेल्या सिरपनं लेकरं दगावली. त्यानंतर केंद्र सरकारनं सांगितलं, दोन वर्षांच्या आत खोकल्या-सर्दीचं औषध देऊच नये आणि पाच वर्षांच्या आतही सहसा टाळावं.

आता आपल्याकडचा एक उपाय कळकळीनं सोडायला सांगते : बिब्बा. तापवलेल्या बिब्ब्याच्या तेलाचा थेंब दुधात घालून देणं किंवा छातीला लावणं अजूनही चालतं. त्या तेलानं कातडीवर फोड येतात, तोंड-घसा भाजतो. लेकराची कातडी तर किती कोवळी! उकळत्या पातेल्यावर मुलाला वाकवून वाफ देणंही तसंच धोक्याचं. ओव्याच्या पुरचुंडीनं छाती शेकायची तर ती आधी आपल्या मनगटाला लावून पाहावी.

दोन आठवडे उलटूनही खोकला थांबला नाही, थुंकीत रक्त दिसलं किंवा वजन उतरलं, तर बेडक्याची तपासणी करावी. क्षयरोगाची ही तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते.

खोकणाऱ्या लेकराची छाती भरल्यासारखी वाटली, तर ते शांत असताना त्याचा सदरा वर करून पूर्ण मिनिटभर श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, वर्षाच्या आत ५० किंवा जास्त, पाच वर्षांच्या आत ४० किंवा जास्त भरले, तर तो न्यूमोनिया असू शकतो. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल किंवा लेकरू दूध पीत नसेल, तर सकाळची वाट पाहू नका, १०८ ला फोन करा.